कंप्रेशनचा कागद वाचावा कसा?



आपल्या वस्त्यांमधून आता गल्लीच्या तोंडाशी एखादी तरी जुनी मोटार उभी दिसते. कोणी ती भाड्याने चालवितो, कोणी शाळेच्या मुलांची ने-आण करतो, तर कोणी म्हाताऱ्या आईला दवाखान्यात नेण्याची सोय व्हावी म्हणून पतपेढीचे कर्ज काढून ती दारात आणलेली असते. अशी मोटार कोरी करकरीत नसते. मीटरवर दीड-दोन लाख किलोमीटर पडलेले असतात. एके दिवशी ती चढावर दम टाकू लागते, सकाळी चार-चार वेळा सेल्फ मारावा लागतो. गॅरेजवाला प्लग काढून एक घड्याळासारखे यंत्र लावतो आणि सांगतो, ‘कंप्रेशन गेलंय, इंजिन खोलावं लागेल.’

हे एक वाक्य ऐकले की घरातल्या माणसांचे चेहरे उतरतात. इंजिन खोलणे म्हणजे आठ-पंधरा दिवस गाडी उभी, म्हणजेच तेवढे दिवस भाडे बंद. कर्जाचा हप्ता मात्र कोणासाठी थांबत नाही. मग भिशी मोडते, कानातले गहाण पडते, मुलीच्या फीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशाला हात लागतो. आणि एवढे सारे कशावरून ठरले? तर घड्याळावरच्या एका आकड्यावरून, जो गाडीच्या मालकाने धड पाहिलेलाही नसतो!

म्हणून आज हा विषय घेतला आहे. आम्ही कारकून माणसे. आमचा दिवस खतावणी आणि पावत्या तपासण्यात जातो. परंतु कंप्रेशन चाचणीचा निकाल म्हणजे तीन किंवा चार आकड्यांचा कागद असतो आणि आकडे पारखणे हा तर आमचा धंदाच आहे. शाळेची गुणपत्रिका ज्याला वाचता येते, त्याला हा कागदही वाचता येतो. मात्र पहिल्याच ओळीत एक गोष्ट मनाशी पक्की धरावी: एकटा आकडा काहीच सिद्ध करीत नाही. शेजारच्या सिलिंडरचा आकडा, तेल टाकल्यानंतरचा आकडा आणि चाचणी कशी घेतली याची नोंद, एवढे जवळ असल्याखेरीज निकाल लागत नाही.

सायकलच्या पंपाचे उदाहरण

सायकलच्या पंपाच्या तोंडावर अंगठा धरून दांडा दाबला तर अंगठ्यावर जोर येतो. पंपातले वायसर झिजले असेल तर दांडा सहज खाली जातो आणि अंगठ्याला काही जाणवत नाही. वायसर चांगले असून अंगठाच सैल धरला तरीही हवा निसटते. मोटारीच्या इंजिनात हेच घडते. पिस्टन म्हणजे दांडा, त्याच्या भोवतीच्या रिंगा म्हणजे वायसर आणि वरच्या बाजूचे व्हॉल्व्ह म्हणजे अंगठा. पेट्रोल व हवेचे मिश्रण आत आले की दोन्ही व्हॉल्व्ह बंद होतात, पिस्टन वर चढतो आणि ते मिश्रण सुमारे नवव्या-दहाव्या हिश्श्याएवढ्या जागेत दाबले जाते. या दाबालाच कंप्रेशन म्हणतात. दाब नीट बसला नाही तर ठिणगी पडूनही जोर येत नाही.

तेव्हा दाब कमी होण्याच्या वाटा मुख्यतः तीन. रिंगा व सिलिंडरची भिंत यांच्या फटीतून हवा खाली जाईल, व्हॉल्व्हमधून वर जाईल, किंवा इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या गॅस्केटमधून आडवी निसटेल. पहिल्या वाटेला खर्च फार मोठा. दुसरीला मध्यम आणि कधी कधी अगदीच किरकोळ. तिसरीला त्यामधला. मालकाच्या खिशाच्या दृष्टीने हा फरक म्हणजेच सारे काही. ‘कंप्रेशन गेलंय’ या शब्दांत मात्र तो फरक कुठेच नसतो.

चाचणी नीट झाली का?

हिशेबात मूळ पावतीच चुकीची असेल तर पुढची बेरीज कितीही बरोबर असून उपयोग नाही. तसेच येथे. चाचणीपूर्वी इंजिन चालवून गरम केलेले असावे. सर्व प्लग काढलेले असावेत, नुसता एकच नव्हे. ठिणगी आणि पेट्रोलचा पुरवठा दोन्ही बंद करावेत, सीएनजी असेल तर टाकीची चावीही बंद करावी. बॅटरी पूर्ण भरलेली हवी. अ‍ॅक्सिलरेटर एकाने पूर्ण दाबून धरावा. तो दाबला नाही तर हवा आत पुरेशी येतच नाही आणि चांगले इंजिनही आजारी दिसते. मग सेल्फ मारून सुई पाच-सहा धक्के खाऊन थांबेपर्यंत फिरवावे. प्रत्येक सिलिंडरला धक्के सारखेच द्यावेत आणि दोनदा मोजावे. पहिल्या धक्क्याला सुई कुठे गेली आणि शेवटी कुठे थांबली, हे दोन्ही लिहून घ्यावे.

घड्याळावर बहुधा दोन मापे असतात. एक पाउंडाचे, ज्याला पीएसआय म्हणतात, आणि दुसरे किलोचे. एक किलो म्हणजे सुमारे १४.२ पाउंड. साडेअकरा किलो म्हणजे सुमारे १६३ पाउंड झाले. एक आकडा किलोत आणि दुसरा पाउंडात असा घोळ होऊ देऊ नये.

आणखी एक बाब फारशी कोणी ध्यानात घेत नाही. जसजसे उंचावर जावे तसतशी हवा विरळ होते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, त्यामुळे तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी असतो. मुंबईत १६० दाखविणारे इंजिन पुण्यात १५० च्या आसपास दाखवील. महाबळेश्वरला तर आणखी कमी. इंजिन तेच, दोष काहीच नाही.

आकडे शेजारी ठेवा

आता प्रत्यक्ष कागद घेऊ. समजा एका चार सिलिंडरच्या पेट्रोल गाडीचे आकडे असे आले: १३८, १३५, १४०, १३४. गॅरेजवाला म्हणेल, नवीन गाडीला १७० च्या वर असते, तुमचे १३५ आहे, इंजिन संपले. येथे घाबरून जाऊ नये. सर्वांत लहान आकड्याला सर्वांत मोठ्याने भागावे. १३४ भागिले १४० म्हणजे सुमारे ९६ टक्के. चारही भाऊ सारखेच थकले आहेत, एकटा कोणी आजारी पडलेला नाही. दोन लाख किलोमीटर धावलेल्या इंजिनाची ही सर्वसाधारण झीज असू शकते. किंवा बॅटरी अशक्त असेल, अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला नसेल, टायमिंगचा पट्टा अथवा चेन एखादा दात सरकलेली असेल. या सर्व कारणांनी चारही आकडे एकदम खाली येतात. अशा वेळी आधी चाचणी पुन्हा घ्यावी, टायमिंग तपासावे. आकडा कंपनीने ठरविलेल्या किमान मर्यादेच्या वर असेल आणि गाडी तेल खात नसेल, तर तिला खुशाल चालू द्यावे. ही किमान मर्यादा प्रत्येक इंजिनाची वेगळी असते आणि ती कंपनीच्या दुरुस्ती-पुस्तकात छापलेली असते. शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नये.

दुसरा कागद घेऊ: १६५, १६०, १५८, १२०. वरवर पाहता ही गाडी पहिलीपेक्षा बरी वाटते, कारण तीन आकडे चांगले मोठे आहेत. परंतु १२० भागिले १६५ म्हणजे सुमारे ७३ टक्के. लहान आकडा मोठ्याच्या ७५ टक्क्यांच्या खाली गेला की दोष धरून चालावे, असा गॅरेजमधला जुना ठोकताळा आहे. अनेक कंपन्या तर त्याहून कडक असतात आणि दोन सिलिंडरमध्ये एक किलोहून अधिक फरक चालवून घेत नाहीत. तेव्हा चौथ्या सिलिंडरमध्ये काहीतरी बिघडले आहे, हे खरे. पण काय बिघडले, ते अजून कळलेले नाही. इंजिन खोलण्याचा निर्णय येथे घ्यावयाचा नाही.

शेजारशेजारचे दोन आकडे एकदम पडले असतील, उदाहरणार्थ १६०, ९५, ९०, १५८, तर त्या दोहोंच्या मधले गॅस्केट फुटल्याचा संशय घ्यावा. आणि एखादा आकडा शून्याजवळ असेल तर व्हॉल्व्ह जळलेला वा वाकलेला असतो, नाहीतर पिस्टनला भोक पडलेले असते. तिथे मात्र वाट पाहण्यात अर्थ नाही.

एक चमचा तेल

दोष रिंगेचा की व्हॉल्व्हचा, हे ओळखण्याची युक्ती फार स्वस्त आहे. ज्या सिलिंडरचा आकडा कमी, त्यात प्लगच्या भोकातून एक लहान चमचा, म्हणजे पाचेक मिलिलिटर इंजिन ऑइल सोडावे आणि पुन्हा सेल्फ मारून मोजावे. तेल पिस्टनच्या कडेला उतरून रिंगेची फट तात्पुरती बुजविते. समजा १२० चा आकडा चढून १५० झाला, तर हवा रिंगेतून निसटत होती. तो १२४ वरच अडला, तर रिंगा बिचाऱ्या निर्दोष आहेत. दोष व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा. तेल अधिक ओतू नये, कारण ते जागा अडवून आकडा फसवा फुगविते. डिझेल गाडीला ही युक्ती करूच नये. तिथे दाब कितीतरी अधिक असतो, घड्याळही वेगळे लागते आणि आत सोडलेले तेल पेट घेऊन नुकसान करू शकते.

पहिल्या धक्क्याचा आकडा लिहून घ्या असे वर म्हटले, तेही याचसाठी. सुई पहिल्या धक्क्याला कमी जाऊन पुढे हळूहळू चढत असेल तर बहुधा रिंगा झिजलेल्या असतात. पहिल्यापासून कमी आणि पुढेही फारशी हलत नसेल तर बहुधा व्हॉल्व्ह.

आता सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांच्या मालकांनी विशेष लक्ष द्यावे. सीएनजी हे कोरडे इंधन. त्याने व्हॉल्व्हच्या बैठका लवकर झिजतात. बैठक झिजली की व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची फट कमी कमी होत जाते. शेवटी गरम इंजिनात व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि कंप्रेशन पडते. ज्या इंजिनात टॅपेट स्क्रूने बसविता येतात, तिथे हेड न खोलता अर्ध्या दिवसात फट पुन्हा बसवून मोजता येते. आकडा परत आला तर काम तेवढ्यावर भागले. जो दोष टॅपेट बसवून जातो त्याच्यासाठी इंजिन खोलणे म्हणजे चपलेचा अंगठा तुटला म्हणून नवीन जोड घेण्यासारखे आहे. आकडा परत आला नाही तर व्हॉल्व्ह जळला असण्याचा संभव असतो. तरीही काम हेडपुरतेच राहते, खालचे इंजिन उघडावे लागत नाही.

अजूनही शंका उरली तर हवा भरण्याची चाचणी असते. पिस्टन वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडतात आणि फुसफुस कुठून ऐकू येते ते पाहतात. तेल भरण्याच्या तोंडातून आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरच्या बाजूने आली तर आतला इनटेक व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. हे काम जाणकारानेच करावे, कारण हवेच्या जोराने इंजिन एकाएकी फिरू शकते. मालकाने शेजारी उभे राहून कान द्यावा.

सुई जे सांगत नाही

मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सींचे चालक नुसत्या आवाजावरून इंजिनाची नाडी ओळखत. त्यांतली शेवटची टॅक्सी २००३ साली नोंदली गेली होती आणि २० वर्षांची मर्यादा संपल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. आजच्या गाडीत संगणक असतो. एक सिलिंडर थोडा थकला तरी संगणक हवा व पेट्रोल सांभाळून घेतो आणि कानाला फारसे काही कळत नाही. उलट स्कॅनर लावला की ‘तिसरा सिलिंडर मिस’ असा संकेत येतो. तोसुद्धा निकाल नव्हे. प्लग, कॉइल, इंजेक्टर यांपैकी कशानेही मिस होते. आधी तिसऱ्याची कॉइल व प्लग दुसऱ्याला लावून पाहावे. मिस त्यांच्याबरोबर दुसरीकडे गेली, तर कंप्रेशन मोजण्याचीही गरज उरत नाही.

याच्या उलट फसगतही होते आणि जुनी गाडी विकत घेताना तीच महागात पडते. विकणारा मोठ्या तोऱ्यात कंप्रेशन मोजून दाखवितो. १७०, १७२, १६८, १७०! सर्व आकडे झकास. परंतु पिस्टनवर साधारणतः तीन रिंगा असतात. वरच्या दोन दाब धरतात, खालची तेल पुसून खाली आणते. ही तिसरी रिंग निकामी झाली तर गाडी तेल पिते, निळा धूर सोडते, पण कंप्रेशनचा आकडा पडत नाही. उलट वर आलेले तेल फटी बुजवून आकडा वाढविते. वर्षानुवर्षांचा कार्बन साचला तरी जागा कमी होऊन आकडा वाढतो. तेव्हा चांगले कंप्रेशन म्हणजे चांगले इंजिन, असे समीकरण मांडू नये. धूर पाहावा. रात्रभर उभ्या गाडीने सकाळी सुरू होताच क्षणभर निळा धूर सोडून थांबविला तर बहुधा व्हॉल्व्हची सील गेलेली असतात. चढावर, ओझ्याखाली सारखा निळा धूर येत असेल तर रिंगांकडे बोट जाते. शिवाय डिपस्टिकवर खूण करून हजार किलोमीटरला किती तेल कमी झाले, ते एका वहीत लिहून ठेवावे. ही वही घरातली शाळकरी मुलगीही ठेवू शकते. टक्के काढण्याचे गणित तर तिला आपल्यापेक्षा चांगले येते.

बरेच महिने उभ्या राहिलेल्या गाडीचा आकडाही लगेच खरा मानू नये. रिंगा चिकटलेल्या असतात, व्हॉल्व्हवर गंज बसलेला असतो. अशी गाडी सुरू होत असेल तर तेल बदलून थोडे दिवस चालवावी आणि मग पुन्हा मोजावे.

शेवटी हिशेब

सर्व तपासूनही रिंगांचाच दोष निघाला, तर काय करावे? हाफ इंजिन काम करा, नुसत्या रिंगा टाका, असा सल्ला मिळेल. तो मानण्याआधी सिलिंडरची भिंत मोजून घ्यावी. भिंत अंडाकृती झिजली असेल तर नवीन रिंगा तिच्यावर बसत नाहीत आणि केलेला खर्च काही महिन्यांत वाया जातो. मग बोअर करण्यावाचून गत्यंतर नसते. त्या वेळी एका बाजूला दुरुस्तीचा खर्च आणि बंद पडणारे भाडे लिहावे. दुसऱ्या बाजूला गाडीची आजची किंमत आणि तिचे उरलेले आयुष्य. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. चौदा वर्षांच्या गाडीला नवे काळीज बसवायचे का, हे घरच्या सर्वांनी मिळून ठरवावे. ते एकट्या पुरुषाने गॅरेजच्या बाकावर बसून ठरवू नये, कारण गहाण पडणारे कानातले त्याचे नसते.

गॅरेजवाल्याविषयीही दोन शब्द. तो आपल्यासारखाच कष्टकरी आहे. बारा-चौदा वर्षांचा असताना पाना हाती घेऊन, उस्तादाचा मार खाऊन शिकलेला. त्याच्यावर चोरीचा आळ घेण्याचे कारण नाही. पुष्कळदा घाई असते, पुष्कळदा रिंगा बदलण्याची सवय असते आणि समोरचा मालक काहीच विचारीत नाही. आपण नम्रपणे विचारावे: ‘दादा, प्रत्येक सिलिंडरचा आकडा कागदावर लिहून द्या. तेल टाकल्यानंतरचाही लिहा. इंजिन गरम होतं का, अ‍ॅक्सिलरेटर दाबला होता का, तेही लिहा. टॅपेट बघितले का?’ चांगल्या कारागिराला या प्रश्नांचा राग येत नाही, उलट आपले काम समजणारा माणूस भेटल्याचा आनंद होतो. जो लिहून द्यायला तयार नसेल, त्याला नमस्कार करून गाडी दुसरीकडे दाखवावी.

आपण रेशनच्या दुकानात पावती मागतो, पतपेढीत पासबुकावर शिक्का मागतो. तसाच हा तीन-चार आकड्यांचा कागदही मागून घ्या, भागाकार करा आणि तो नोंदणी-पुस्तकाबरोबर जपून ठेवा. पुढल्या वर्षी पुन्हा मोजाल, तेव्हा ताज्या आकड्यांशी ताडून पाहायला तोच उपयोगी पडेल.